काकू, आवाज आला नाही

७ ऑक्टोबर, मंगळवार

माझी तक्रार गंभीर आहे आणि ती कुठल्या कार्यालयात दाखल करावी ते कळत नाही. संगणकाला लावलेला माइक सुटला की संगणक दोन सुरांचा उतरता आवाज काढतो, टुडुंग. परत लागला की तेच सूर चढते, टुडिंग. दोन्ही वेळा सारख्याच खुशीत. कोणीतरी निघून गेल्याची वर्दी इतक्या गोड गळ्याने देणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. शोकाच्या प्रसंगी शोकाचाच स्वर लावावा, इतपत रसविचार हे यंत्र घडवणाऱ्यांना कोणी शिकवलेला दिसत नाही.

आज हा टुडुंग इतक्यांदा झाला की शेजारच्या सरोजताईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "सरजी, दरवाज़े पे कोई आया है क्या?"

कोणी आलं नव्हतं. सौ.चा तास चालू होता. जूनमध्ये तिला झटका आला तेव्हा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. हात बराचसा परतला. बोलणं परतीच्या वाटेवर आहे. समजतं सगळं, शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथे उभे राहतात. मंगळवार-शुक्रवारी नागपूरच्या ऋतुजा मॅडम संगणकावरून तिला बोलायला शिकवतात. इथून, बालाघाटहून, प्रत्यक्ष नागपूरला जाऊन पाहिलं, पण आल्यावर ती दोन दिवस झोपूनच होती. मोबाइलवर चित्रं लहान दिसतात, आवाज फाटतो. म्हणून मुलाने, नीरजने, हैदराबादहून हा यूएसबी माइक पाठवला. बाळकृष्णासारखा टेबलावर बसलेला असतो. तसाच खोडकर.

आज मॅडमनी कंगव्याचं चित्र दाखवलं. सौ.ने डोळे मिटले. "क... क..." पुष्कळ वेळ गेला. मग अगदी स्वच्छ, "कंगवा."

टुडुंग.

पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "काकू, आवाज आला नाही. परत म्हणता का?"

सौ.ने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो. "अगं, मी ऐकलं ना. छान म्हणालीस."

"नाही," ती म्हणाली. हा एकच शब्द तिला विनासायास येतो. लग्नापासूनचा सराव आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

नीरजला फोन. मुलगा संगणकातच नोकरी करतो, तेव्हा आजार घरच्या वैद्यालाच दाखवावा. त्याचं मराठी आईशी बोलण्यापुरतं, माझ्याशी हिंदी, आणि संगणकाविषयी बोलताना तिसरीच कोणती तरी भाषा. एवढं कळलं की, "बाबा, पहले केबल बदल के देखो."

काली पुतली चौकात गेलो. दुकानदाराने तीन केबल पुढे टाकल्या. "पंडितजी, ये सस्ती है, ये अच्छी है, और ये ओरिजनल है." म्हटलं, म्हणजे दुसरी चांगली असून ओरिजनल नाही? तो म्हणाला, "वो भी ओरिजनल जैसी ही है." हे उत्तर उपनिषदाच्या जवळ जातं. तिसरी घेतली.

संध्याकाळी सौ.ने दिव्यापुढे रोजचं स्तोत्र सगळं म्हटलं. कुठेही अडखळली नाही. मग मी दिव्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? ओठ हलले. शब्द नाही. पाठ केलेलं वेगळ्या वाटेने येतं, असं मॅडम म्हणतात. त्या वाटेवर बोलणं भेटत नाही. पोरांकडून संस्कृताचं पाठांतर करून घेण्यात माझा जन्म गेला...

१० ऑक्टोबर, शुक्र.

नवी केबल. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत. मी मनातल्या मनात दुकानदाराला आशीर्वाद देत होतो. मग टुडुंग, टुडिंग, टुडुंग. शेवटी मोबाइलवर आलो. मोबाइलला सौ.पेक्षा छताचा पंखाच जास्त ऐकू येतो.

तीनदा तोच शब्द म्हणायला लागला तिला. चौथ्यांदा तिने तोंड मिटून घेतलं.

१२ ऑक्टोबर, रवि.

मलाजखंडहून पुरुषोत्तम आला. सौ.चा धाकटा भाऊ, तिथल्या तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. आपला पुरू. येतानाच मीटर, टेस्टर आणि मत बरोबर घेऊन आला.

"भाऊजी, हे मशीनचं काही नाही. तुमच्या घराले अर्थिंगच नाही."

"तीस वर्षं राहतोय आम्ही."

"म्हणून तर! तीस वर्षांपासून माह्या बहिणीले झटके बसून राह्यले."

सौ. हसली. मोठ्याने. जूननंतर पहिल्यांदा असं पोटातून. हे लिहिताना कळतंय की आजच्या दिवसाचं काम तिथेच झालं होतं.

पण पुरू थांबणारा नाही. फ्रीज बंद. टीव्ही बंद. संगणक इन्व्हर्टरवर. माइक वरच्या भोकातून काढून मागच्या भोकात. आमच्या संगणकाच्या डब्याला माथ्यावर, आकाशाकडे तोंड करून दोन भोकं आहेत. त्यातलं एक मुंग्यांनी कधीच निकामी केलं, उरलेल्यात माइक असतो. मागची भोकं कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांनी अडवलेली. त्याने प्रिंटर काढून माइक लावला. अर्धा तास टुडुंग नाही. पुरूने छाती फुगवून जाहीर केलं, "वोल्टेज! फ्रीजचं काम होतं हे."

फक्त, मागे लावला की माइकची वायर पुढपर्यंत पोचत नाही. माइक भिंतीकडे तोंड करून बसतो, रुसलेल्या जावयासारखा. मी हे बोललो नाही, तरी पुरूने माझ्याकडे पाहिलंच. शेवटी परत वरच्या भोकात.

निघताना तो चपला घालत होता आणि सौ. म्हणाली, "पुरू." अगदी सरळ. त्याने मागे वळून पाहिलं नाही. चपलेचा पट्टाच लावत राहिला. मग, "हौ बाई, येतो," आणि गेला. मोटारसायकल फाटकाबाहेर बराच वेळ चालू होत नव्हती.

१३ ऑक्टोबर, सोम.

फ्रीज दिवसभर बंद ठेवला. दूध नासलं. माइक तरीही सुटला.

घडा घडताना कुंभाराचं गाढवही तिथे हजर असतं, म्हणून गाढव हे घड्याचं कारण होत नाही. न्यायशास्त्राचा हा पहिल्या इयत्तेचा धडा मी नागपूरला एम.ए.ला असताना गिरवलाय. काल एकाच वेळी फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर आणि भोक अशी चार कारणं बदलली आणि त्यातलं गाढव निवडून घेतलं. हे पुरूला फोनवर समजावलं. तो म्हणाला, "मले गाढव म्हणून राह्यले का तुम्ही?" नाही रे बाबा. फ्रीजला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ती बसली नाही.

साडेदहापासून खुर्ची, चष्मा, पाण्याचा पेला, सगळं मांडून ठेवलं होतं. अकराला मॅडम पडद्यावर. सौ. ओट्याशी उभी, डाव्या हाताने भाजी निवडते आहे. म्हटलं, चल. मान हलवली. म्हटलं, पाच मिनिटं. "नाही." तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं. आपल्याला आता काही मिळायचं नाही हे ठरवून टाकलेल्या माणसाची नजर होती. अशी नजर मी परीक्षेच्या खोलीत पाहिली आहे, कोरा पेपर देऊन उठणाऱ्या मुलांची.

मग मॅडमशी मी एकटाच बोललो. वयाने नीरजएवढ्या असतील, पण मला विद्यार्थी करून टाकतात.

"काका, एक शब्द काढायला त्यांना किती जोर लागतो, तुम्ही बघताच ना. तो जोर लावला आणि समोरून 'ऐकू आलं नाही' असं उत्तर मिळालं, की मेंदूपेक्षा मन आधी थकतं. असे पेशंट बोलणं सोडून देतात. खुणांवर राहतात. तसं होऊ द्यायचं नाही आपल्याला."

मी म्हटलं, माइकचं बघतो.

"आणि अजून एक. तुम्ही शब्द पुरवता त्यांना."

"मी?"

"प्रत्येक वेळी. त्यांनी 'पा' म्हटलं की तुम्ही 'पाणी' म्हणता. त्यांना पापड म्हणायचं असेल."

तीस वर्षं वर्गात अडलेल्या पोराला पुढचा चरण सुचवत आलो. जीभ आपोआप चालते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मॅडम चाचणी घेणार आहेत, त्यावरून पुढचं ठरेल. ती बसली तर.

१५ ऑक्टोबर, बुध.

आजपासून सौ. बोलताना तोंडात लवंग धरायची, असं ठरवलं. माझ्या तोंडात.

संध्याकाळी नीरजने हैदराबादहून आमचा संगणक ताब्यात घेतला. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. सौ. दाराशी उभी राहून बघत होती. बाण इकडे गेला, तिकडे गेला, खिडक्या उघडल्या, मिटल्या. ती पुढे आली, पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाली,

"भू... भूत!"

आणि खुदकन हसली. मी लवंग गिळली.

नीरजला एक खूण सापडली. वीज वाचवण्यासाठी संगणक न वापरलेल्या भोकांना झोपवून टाकतो. ती खूण काढली. "अब नहीं जाएगा, बाबा." तासभर नाही गेला. मग मी चहाचा कप टेबलावर ठेवला. टुडुंग.

कप ठेवला की जातो. टेबलाला धक्का लागला की जातो. पोळी लाटायला सुरुवात झाली की, भिंत एकच असल्याने, जातो. हे निरीक्षण नोंदवून ठेवतो. अर्थ अजून लागलेला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्र.

बसली! कशी? मी तिच्यापुढे प्रतिज्ञा केली की आज माइक सुटणार नाही, सुटला तर आठवडाभर भांडी मी घासीन. तिने भुवई उचलली. आली.

तासभर मी डब्याच्या माथ्यावर हात दाबून उभा होतो, त्या भोकातली पिन जागेवर धरून. आशीर्वाद देणाऱ्या मूर्तीसारखा. मॅडमना पडद्यात फक्त माझं पोट दिसत होतं. "काका, तुम्ही ठीक आहात ना?" तोंडात लवंग, बोलता येईना. मान हलवली. ती त्यांना दिसली नाही.

हात दाबलेला असेपर्यंत माइक टिकला. सौ. म्हणाली: ताट. खिडकी. "चा... चावी." चष्मा पण म्हणाली. ओळीने, एकही न अडता नव्हे, पण एकही न सोडता.

मग मला शिंक आली.

भांडी मी घासतो आहे. आत्ताच तिने एका ताटाकडे बोट दाखवून ते परत घासायला लावलं. सुधारणा आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दिवाळी म्हणून तास नाही. पण आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

आमच्याकडे दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला हत्यारांची, वह्यांची, यंत्रांची पूजा होते. वडील होते तेव्हा विळा आणि नांगराचा फाळ पुसला जाई. आता शिलाई मशीन, स्कूटर आणि संगणक. शास्त्राप्रमाणे करायचं, म्हणून मी दसऱ्याला तारा सोडवून संगणक पुसला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या. मंत्रासकट. मी काही कमी करत नाही.

आज परत तसंच, फक्त तारा न सोडवता. मंत्र म्हणून हात उंच करून अक्षता सोडल्या. चिन्नोर तांदूळ, बारीक, आपल्या बालाघाटचा अभिमान. कुठे डब्यावर, कुठे कीबोर्डवर.

सौ. बाजूला ताम्हण धरून उभी होती. ती एकदम पुढे झाली आणि माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, पण पकड चांगली. ताम्हण खाली ठेवलं. वाकली. डब्याच्या माथ्यावर माइकची पिन शिरते त्या जागी, अगदी कडेला, एक दाणा उभा होता. तिने तो उचलला नाही. त्याच्याकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं.

"असू दे, लक्ष्मीचा आहे," मी म्हटलं. मठ्ठ.

तिने माइकची पिन उपटली. टुडुंग. केसातला आकडा काढला आणि त्या भोकात घातला. मी ओरडणार होतो, अगं शॉक, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की आधी मोठी कळ बंद केली आणि मग ओरडलो. तिने दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा आकड्याच्या टोकाबरोबर एक दाणा वर आला. हळदीने पिवळा, धुळीने काळपट, चेपलेला.

दसऱ्याचा.

जवळजवळ तीन आठवडे यंत्र पूजेच्या प्रसादावर अडकलेलं होतं. पिन पूर्ण बसतच नव्हती. तरंगत होती. कप ठेवला की हलायची, पोळपाट वाजला की हलायची. पुरूचं वोल्टेज, नीरजची झोपणारी भोकं, दुकानदाराची ओरिजनल केबल, माझं न्यायशास्त्र. आणि भोकात तांदूळ.

तिने तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला. ओठ जुळवायला लागली. माझ्या तोंडात लवंग नव्हती, तरी गप्प राहिलो. थांबलो. बाहेर सगळीकडे फटाके.

"अजून..." थांबली. "करा..." परत थांबली. डोळ्यांत चमक आली, शब्द यायच्या आधीच चमक आली होती, "...पूजा!"

तीन शब्द. कोणी चित्र दाखवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं. आपणहून, आणि तेही मला टोमणा मारायला. मी खुर्चीवर बसलो. ती हसत होती, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली आणि पदराने माझा चष्मा पुसायला घेतला.

२२ ऑक्टोबर, बुध.

पुरूला फोन केला. "तांदूळ?" तो म्हणाला. "मी मीटर घेऊन आलतो न भाऊजी, मीटरमधी तांदूळ नाही दिसत." मग विचारलं, "बाई खरंच बोलली काय? काय म्हणली?" मी सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या बायकोने फोन घेतला, काय झालं विचारायला.

माइक काल रात्रीपासून लावलेला आहे. टेबलावर कप आपटून पाहिला. दोनदा. सौ.ने कप काढून घेतला.

२४ ऑक्टोबर, शुक्र.

आनंद एवढ्यात करायला नको होता.

माइक सुटला नाही, एकदाही नाही. आणि तरी मॅडम मधूनच म्हणायच्या, "काकू, नाही आलं." मी कान देऊन ऐकत होतो, सौ. म्हणत होती. "क... का..." असा लांबलेला सूर, मग शब्द. मॅडमना नुसता शेवटचा तुकडा ऐकू यायचा, कधी तोही नाही. माझं बोलणं मात्र स्वच्छ जात होतं. मॅडमच म्हणाल्या, "काका, तुमचं तर एकदम क्लिअर आहे."

म्हणजे यंत्र दोघांत भेद करतंय.

सौ.ने ते बरोबर ओळखलं. तास संपल्यावर ती माइककडे बघत बसली. मग स्वतःकडे बोट केलं आणि हात हलवला. माझंच. माझंच खराब आहे. मी म्हटलं, नाही गं. पण माझ्या नाहीला तिच्या नाहीसारखं वजन नाही.

२५ ऑक्टोबर, शनि.

नीरज परत संगणकात शिरला. यावेळी सौ. बाजूच्या खुर्चीत, भूत बघायला.

त्याला सगळं सांगितलं. त्याचा बाण दोन-चार खिडक्या उघडून बघत राहिला. मग एकदम, "अरे! नॉइज़..." मी म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, "बाबा, कॉलमध्ये एक सेटिंग आहे. पंखा, गाडी, असा लांब एकसारखा आवाज आला की तो गोंगाट समजून कापतो. आई... आई लांब बोलती है ना. त्याला वाटतं पंखा आहे."

मग सौ.ने माझ्या दंडाला कोपर मारलं आणि वर छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं. मग स्वतःकडे. हसत. काल ज्या हाताने 'माझंच खराब' म्हणाली त्याच हाताने. यंत्राचा दोष होता. तिचा नाही. हे तिला माझ्या आधी पोचलं.

नीरजने ते सेटिंग बंद केलं. "आई, अब कुछ बोलो. काहीही."

ती माइकजवळ सरकली. दोन्ही हात टेबलावर. बराच वेळ.

"जे... जेव... जेवला?"

तिकडून काहीच येईना. मला वाटलं परत गेला. मी डब्याकडे हात नेला, तेवढ्यात नीरजचा आवाज आला, वेगळाच, "हो आई. जेवलो. वरण-भात." मुलगा संपूर्ण मराठीत बोलला. बाण पडद्यावर एका जागी थांबलेला होता.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमना आता सगळं ऐकू येतं. सौ., कुकरच्या शिट्ट्या, सरोजताईंची झाडझूड, भंगारवाला. "काकू, तुमच्याकडे खूप माणसं राहतात का?" सौ. म्हणाली, "दो... दोघं." मग विचार करून, "बस्स."

प्रश्नाला उत्तर दिलं. चित्राला नाव नव्हे, प्रश्नाला उत्तर.

आता तिला उशीर झालेला आवडत नाही. साडेदहालाच खुर्चीत बसते. माझ्या हातात लवंग ठेवते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाचणी.

सकाळी मी मोठी कळ, माइक, केबल, भोक, सेटिंग सगळं तपासलं. सौ.ने केसातला आकडा टेबलावर काढून ठेवला, शस्त्र जवळ असावं म्हणून.

चाचणीत मला बाहेर बसायचं होतं. मॅडमचा हुकूम. मी अंगणात तुळशीशी खुर्ची टाकून बसलो. पेपर उघडला, एकच ओळ वाचत राहिलो. आतून आवाज यायचे, तिचे. लांब, मग तुटक, मग लांब. मध्येच शांतता. शांततेत मी टुडुंगची वाट पाहायचो. आला नाही.

मग मोठं चित्र आलं असावं, त्यात काय काय दिसतं ते सांगायचं असतं. "बाई... विही... विहीर. पा... पाणी. पोर..." आणि मग एकदम, "काहून?"

मॅडम: "काय काहून, काकू?"

"एकटं! पोर... एकटं... काहून?"

विहिरीच्या काठावर एकटं पोर ठेवून ती चित्रातली बाई पाणी काढत होती म्हणे. का म्हणून ठेवलं? सौ.ला ते पटलं नाही. चाचणी राहिली बाजूला, ती चित्रातल्या बाईवर चिडली. मॅडमनी मला आत बोलावलं तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, "काका, हे मार्कांत कुठे बसवू मला कळत नाही. पण मला हेच हवं होतं." आता पुढचा टप्पा, वाक्यांचा. तास चालूच. म्हणाल्या, अजून बराच रस्ता आहे, पण रस्ता आहे.

पुरूला, नीरजला, सरोजताईंना सांगितलं. सरोजताई पेढे घेऊन आल्या. सौ.ने त्यांना म्हटलं, "बस... बसा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "क्या बोलीं, सरजी?" बसायला सांगते आहे, मी म्हटलं.

९ नोव्हेंबर, रवि.

मी रजेवर आहे, तरी काल शाळेच्या कामाने हट्टा गावाला जावं लागलं. दिवसभराचं. सौ.जवळ सरोजताईंना बसवून गेलो.

संध्याकाळी परत आलो तर दोघी थकलेल्या. सरोजताई दारातच म्हणाल्या, "सरजी, दोपहर से कुछ माँग रही हैं, मेरी समझ में नहीं आया. पानी दिया, चाय दी, शाल दी, टीवी लगाया. सब मना कर दिया." त्या रडकुंडीला आलेल्या. चांगली बाई आहे. सौ. पलंगावर भिंतीकडे तोंड करून.

मी जवळ बसलो. तिने एकदा म्हटलं, "गो..." आणि बोट कपाटाकडे. दुपारची गोळी. रक्त पातळ करायची, चुकवायची नाही अशी. सकाळी घाईत मी ती काढून ठेवायला विसरलो होतो. तिला आठवत होती. ती दुपारभर मागत होती, चार वेगवेगळ्या तऱ्हांनी मागत होती, असं सरोजताईंच्या बोलण्यावरून दिसतं. मला एका अक्षरात कळलं.

गोळी दिली. मॅडमना फोन केला, डॉक्टरांना विचारून त्या म्हणाल्या काळजी नको, आता रोज वेळेवर द्या. मग म्हणाल्या, यापुढे तासाला कधी सरोजताईंना, कधी पुरूला बसवा, काकूंनी इतरांशीही बोलायला हवं. उद्या विचारतो त्यांना. सरोजताई हो म्हणतील. पुरू तर मीटर घेऊन येईल.

सौ. आता झोपली आहे, दुपारची. घर शांत. माइक लावलेला आहे, सुटत नाही.

मी पंचावन्नचा. रक्तदाब आहे, साखर आहे, वडील साठीच्या आत गेले. तिचं बोलणं येतंय, रोज थोडं येतंय, हे खरं. पण अजून ते बहुतेक माझ्यापुरतंच येतं. मला भीती वाटते ती एवढीच, की मी आधी गेलो तर तिच्या 'गो'ला गोळी म्हणून ओळखणारं कोणी नसेल. हे तिला सांगितलेलं नाही. तिला ठाऊक असेल. ओळखण्यातलं तिचं काहीच गेलेलं नाही.